मोबाइल माध्यमनिर्मिती, मुंबईतील

मोबाइल माध्यमनिर्मिती : केवळ स्मार्टफोन किंवा टॅबलेट वापरून चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, संकलन, रेखाटन आणि प्रसारण करण्याची पद्धत. बोलताना हे नाव कोणी घेत नाही. ‘फोनवरच शूट केलं, फोनवरच एडिट केलं’ असे म्हणतात आणि तेवढ्याने सगळे कळते. मुंबईत ही पद्धत इतकी खोल रुजली, त्याचे कारण शहराच्या दोन जुन्या टंचायांत आहे : जागेची आणि वेळेची. एका खोलीत पाच माणसे राहतात तिथे संगणकाचे टेबल मांडायला कोपरा नसतो, आणि विरारहून किंवा कर्जतहून कामाला येणाऱ्या माणसाचे रोजचे तीन-चार तास गाडीत जातात. फोनला जागा लागत नाही आणि तो गाडीत चालतो. त्यामुळे ज्यांच्याकडे स्टुडिओ कधीच येणार नव्हता, त्यांच्या खिशात स्टुडिओ आला.

पूर्वपीठिका : ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. त्यानंतर थोड्याच काळात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावे दादा या मुंबईकर छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे मुंबईतले स्वागत. हे दुसरे चित्रण भारतातला पहिला वृत्तपट मानला जातो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो हे थांबून थांबून, एकेक चौकट (फ्रेम) घेत टिपले आणि तो छोटा पट दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. आज टाइमलॅप्स म्हणून फोनच्या कॅमेऱ्यात एका बोटाने सुरू होते ते तंत्र हेच. मुंबईत फोनवर काम करणाऱ्या मुलामुलींची वंशावळ इथून सुरू होते असे प्रस्तुत लेखकाला वाटते : एकटा माणूस, एक यंत्र आणि समोर दिसणारे शहर.

पहिला आयफोन २००७ मध्ये, पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये आणि आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला. पण मुंबईत खरा फरक पडला तो डेटा स्वस्त झाल्यावर. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी मोफत वायफाय सुरू केले. देशातले असे ते पहिले स्थानक. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची फोर-जी सेवा आली आणि व्हिडिओ पाठवताना मेगाबाइट मोजणे थांबले. जून २०२० मध्ये छोट्या व्हिडिओंच्या टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स भारतात सुरू केले. टाळेबंदीत घरात अडकलेल्यांनी याच काळात फोनवर काम शिकून घेतले.

दोन पुरांची तुलना केली तर हा बदल लगेच ध्यानात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्रीच्या आठवणी घरोघरी आहेत, पण सामान्य माणसाने घेतलेले चित्रण फार थोडे, कारण कॅमेरा असलेले फोन मोजके होते आणि मोबाइलचे जाळेही कोलमडले होते. २९ ऑगस्ट २०१७ रोजी शहर पुन्हा तुंबले, तेव्हा कुठल्या रस्त्यावर किती पाणी आहे आणि कुठल्या मंडळात किंवा शाळेत रात्र काढता येईल, हे लोकच फोनवरून एकमेकांना दाखवत होते.

लोकलमधील संकलन : सकाळी विंडो सीट मिळालेला तरुण कानात इअरफोन घालून क्लिपा कापतोय, हे दृश्य आता नवे नाही. काइनमास्टर, इनशॉट, व्हीएन ही संकलनाची ॲप याच प्रवाशांत रुळली. एका बोटाने टाइमलाइन सरकवता येते, दुसऱ्या हाताने वरची कडी धरता येते. वसई ते चर्चगेटच्या प्रवासात एक रील कापून होते. आवाजाचे काम मात्र गाडीत जमत नाही. दारात उभे राहून शूट करण्याचा मोह धोक्याचा आहे. तोल जाण्याची भीती आहेच, शिवाय रुळांलगत दबा धरून हातावर काठी मारणारी आणि पडलेला फोन पळवणारी ‘फटका गँग’ मुंबईकरांना चांगलीच ठाऊक आहे.

धावत्या गाडीतून घेतलेल्या चित्रणात बाहेरचे खांब तिरके झालेले दिसतात. याला फोन बिघडला असे समजू नये. फोनचा सेन्सर पूर्ण चौकट एका क्षणी टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत जातो. तेवढ्यात खांब पुढे सरकलेला असतो. फोन जितका महाग तितके हे वाचन सहसा वेगवान, पण दोष पूर्ण जात नाही. दुसरी तक्रार ट्यूबलाइटची. चाळीच्या खोलीत शूट करताना भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, आणि फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चौकटींवर लावलेला असतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला आणि २५ चौकटींवर शूट केले की पट्टे जातात. एवढे माहीत नसल्याने कितीतरी चांगली चित्रणे वाया गेली आहेत.

पावसाळ्याचे वेगळे गणित आहे. ओल्या पडद्याला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही, म्हणून शूटिंगचे बटण पडद्यावरून दाबण्याऐवजी आवाजाच्या बटणाने दाबतात. एसी डब्यातून फलाटावर उतरताच लेन्सवर वाफ धरते. मिनिट-दोन मिनिटे थांबण्यावाचून उपाय नाही.

आवाज : या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतो, न समजणारा आवाज चालवून घेत नाही. मुंबईत शांतता ही मिळवावी लागते. पंखा बंद करायचा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या, कबुतरे उडवून लावायची, गाडीचा भोंगा गेला की मग ‘चालू’ म्हणायचे. निवेदन ध्वनिमुद्रित करायला अनेकजण गोधडीत शिरतात किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालतात. कापड प्रतिध्वनी शोषते, त्यामुळे हा उपाय शास्त्राला धरून आहे. कॉलर माइक नसेल तर दुसरा फोन खिशात ठेवून त्याच्या इअरफोनचा माइक शर्टच्या कॉलरला लावतात, सुरुवातीला एक टाळी वाजवतात आणि संकलनात दोन्ही टाळ्या जुळवतात. लांब मुलाखतीत मात्र ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात, कारण बरेचसे फोन चौकटींचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त करतात. वेग कायम ठेवणारे ॲप वापरावे, किंवा दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा टाळी द्यावी.

माइक, ट्रायपॉड, रिंग लाइट यांची खरेदी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात, लॅमिंग्टन रोडला किंवा पार्ल्याच्या इर्ल्याला होते. मुरलेली मंडळी फोर्टातल्या बोरा बाजारात जातात. तिथे कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत.

सेल्फ टेप : पूर्वी नवा नट फोटोंचे पाकीट घेऊन अंधेरी-वर्सोव्याच्या आराम नगरातल्या ऑडिशनच्या रांगेत दिवसभर उभा राहायचा. आता आधी मागतात ती सेल्फ टेप, म्हणजे घरी स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन : फोन आडवा, मागे साधी भिंत, नाव-वय-उंची-भाषा सांगणारा ‘इंट्रो’, डावी-उजवी बाजू दाखवणारे ‘प्रोफाइल’ आणि दिलेला प्रवेश (सीन). साधी भिंत हीच मोठी अडचण. ज्या घरात चारही भिंतींना कपाट, देव, टीव्ही आणि भांड्यांची मांडणी आहे, तिथे दोरीवर चादर ताणून पार्श्वभूमी करतात. समोरच्या पात्राची वाक्ये बहीण किंवा आई वाचते. डोंबिवलीच्या मुलीला एका ऑडिशनसाठी सुट्टी घ्यावी लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. तोटाही तितकाच खरा : नकार कळतच नाही, आणि समोर माणूस बसलेला असताना मिळायची ती ‘जरा वेगळं करून बघ’ ही संधी हातची जाते.

मोठे चित्रपटकर्तेही फोनकडे वळले. विशाल भारद्वाज यांचा सुमारे अर्ध्या तासाचा ‘फुर्सत’ २०२३ मध्ये आला, तो आयफोन १४ प्रोवर चित्रित केलेला. २०२४ मध्ये मुंबईचा चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या मामी या संस्थेने पाच दिग्दर्शकांकडून आयफोनवर लघुपट करवून घेतले. अशा उदाहरणांवरून ‘फोन असला की सिनेमा होतो’ असा समज पसरतो, तो बरोबर नाही. तिथे कॅमेरा तेवढा फोनचा असतो. दिवे, ध्वनी, कलादिग्दर्शन आणि अनुभवी माणसे नेहमीचीच. घरच्या निर्मात्याने त्यांच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही. त्याच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही : रोजची ये-जा आणि ओळखीची माणसे.

देवनागरी : मराठीत काम करणाऱ्याची खरी कसोटी अक्षरांत लागते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेल्या स्वरचक्र कळफलकात व्यंजन दाबले की भोवती मात्रांचे चक्र उघडते. बाराखडी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते लगेच उमगते. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेने मुक्त, बालू असे देवनागरी फॉन्ट सर्वांना मोफत खुले केले आणि रीलवरची मराठी देखणी झाली. तरीही कित्येक संकलन ॲपमध्ये जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. सर्वांत जिव्हारी लागते ते ‘ऱ्या’चे. कोळीवाड्यावरच्या व्हिडिओत ‘दर्या’ लिहायचा असतो. डोंगरावरच्या व्हिडिओत ‘दऱ्या’. एका रफाराने समुद्राच्या दऱ्या होतात किंवा दऱ्यांचा समुद्र. ‘ऱ्या’ न जमणाऱ्या ॲपमध्ये ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होऊन बसते आणि पाहणाऱ्याला वाटते की लिहिणाऱ्यालाच येत नाही. यावर चालणारा तोडगा असा : शीर्षक फॉन्ट नीट दाखवणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये पारदर्शक चित्र म्हणून करायचे आणि व्हिडिओवर ठेवायचे. पाच मिनिटे जास्त लागतात, ती द्यावीत.

टॅबलेट : मुंबईत त्याचा प्रसार फोनच्या मानाने कमी, पण जिथे आहे तिथे पक्का. चित्रकार आयपॅडवर प्रोक्रिएट या ॲपमध्ये रेखाटतात. दिग्दर्शक स्टोरीबोर्ड आणि पटकथा त्यावर ठेवतात, तालमीत वाऱ्याने पाने उडत नाहीत. शास्त्रीय गायनाच्या विद्यार्थ्यांनी तानपुरा आणि तबल्याची ॲप आपलीशी केली आहेत. छोट्या घरात तानपुरा ठेवण्यापेक्षा ते सोयीचे, जरी जवारीची, म्हणजे त्या गुंजनाची, खरी आस तारेतूनच येते. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले होते. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागचा हेतू होता.

रोजचे जगणे : निर्मिती आणि व्यवहार यांच्यात मुंबईत फार अंतर राहिलेले नाही. ज्या फोनवर एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचे ॲप बघून गाडी पकडली, तिकीट काढले आणि वडापावचे पैसे यूपीआयने दिले, त्याच फोनवर दादरच्या रानडे रोडवरचा दुकानदार नव्या साड्या उलगडून दाखवतो आणि बचत गटातल्या काकू मसाला कांडतानाची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. गणपतीच्या आगमनाला चिंचपोकळीला हजारो हात फोन धरून वर जातात. त्या गर्दीत चांगले चित्रण हवे असेल तर मूर्तीकडे पाठ करून माणसांचे चेहरे टिपावेत. मूर्ती सगळ्यांकडे असते.

परवानगी आणि रीत : रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला पूर्वपरवानगी लागते. जानेवारी २०१६ मध्ये वांद्रे बँडस्टँडजवळच्या समुद्रात सेल्फी घेताना झालेल्या दुर्घटनेनंतर पोलिसांनी शहरातल्या अनेक जागा सेल्फीसाठी धोक्याच्या ठरवल्या. कायद्यात कुठे लिहिलेली नाही पण त्याहून महत्त्वाची रीत म्हणजे विचारणे. ससून डॉक या मासळीच्या बंदरावर पहाटे कोळणी कामात असतात. ‘मावशी, काढू का?’ असे म्हटले तर बहुतेक वेळा होकार मिळतो, कधी चांगला दमही मिळतो. दोन्ही मान्य करावे. न विचारता काढलेल्या चित्रणात माणसे पाठमोरी होतात आणि ते पडद्यावर दिसते.

जतन : फोर-के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाचे, चित्रण एका मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी जागा खाते, फोनमध्ये ३० जीबी मोकळी असली तर दीड ते तीन तासांत ‘स्टोरेज फुल’ येते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, म्हणून जाणकार ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगतात. सावे दादांची मूळ रिळे आज उपलब्ध नाहीत, ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. फोनवरच्या चित्रणाचे आयुष्य त्याहून कमी असू शकते : फोन बदलला, पासवर्ड विसरला, हार्ड डिस्क पडली. आगमनाचे व्हिडिओ घेण्याआधी जागा करायची म्हणून मागल्या वर्षीचे विसर्जन पुसले जाते, आणि त्या विसर्जनात ढोल वाजवणारे आजोबा कधीकधी त्याच एका क्लिपमध्ये असतात.