घरी कार चार्ज करायचीय? अर्ज, कागद आणि अर्थिंग

इलेक्ट्रिक कार घरी चार्ज करायला परवाना लागत नाही. आहे त्याच मीटरवर भागवायचं की वेगळं घ्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. अर्ज परिपूर्ण असेल तर जोडणीची मुदत महानगरात 3 दिवस, इतर शहरांत 7, खेड्यात 15.

आधी बिलावरचा मंजूर भार बघा. पोर्टेबल चार्जर साधारण 3 किलोवॉट ओढतो, भिंतीवरचा 7 च्या वर. मंजुरी चारचीच असेल तर भारवाढीचा अर्ज आलाच.

महावितरणचा अर्ज संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरता येतो. ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. भाडेकरू असाल तर मालकाची संमती, सोसायटीत असाल तर ना-हरकत आणि पार्किंग वाटपाचं पत्र जवळ ठेवा. शिवाय परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट.

हा रिपोर्ट नुसता सही-शिक्का मारून घेऊ नका. ठेकेदाराला मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) घेऊन पार्किंगमध्येच बोलवा. चार्जर काढून 500 व्होल्टवर मिनिटभर फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ यांच्यातला रोध मोजायला लावा. आकडा 1 मेगाओहमच्या खाली आला तर त्या वायरवर गाडी लावायची नाही.

अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसतो. मग कुणी हुशार वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारतो. दिवा हिरवा, गिऱ्हाईक खूश! पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर 230 व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर. सॉकेट उघडून हा तुकडा नाही ना, स्वतः बघा. खरा इलाज वेगळ्या अर्थिंगच्या खड्ड्याचा. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो, तेव्हा त्यात पाणी ओतायची आठवण ठेवा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम चार्जिंग पॉइंटला 30 मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) मागतात, निदान टाइप ए, म्हणजे एसीबरोबर स्पंदित डीसी गळतीही ओळखणारी. स्वस्तातली टाइप एसी कुणी बसवत असेल तर परत पाठवा. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर वर हवा. एक्स्टेन्शन बोर्डाला तर नियमातच मनाई आहे. केबल तोकडी पडत असेल तर सॉकेटच पुढे आणून घ्या.