अंडी उबवणीतील आर्द्रता आणि वजनघट

उबवणीच्या काळात कवचातील छिद्रांवाटे बाष्प निघून जाते आणि अंडे हलके होत जाते. ही घट बेताची राहावी म्हणून उबवणी यंत्रातील आर्द्रता राखली जाते. कोंबडीची अंडी 21 दिवसांत उबतात. पहिल्या 18 दिवसांत मूळ वजनाच्या सुमारे 12 टक्के घट चांगली समजतात.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. गर्भ प्रामुख्याने बलकातील चरबीवर वाढतो. चरबी वापरताना आत आलेला प्राणवायू आणि बाहेर गेलेला कार्बन डायऑक्साइड यांचे वजन जवळपास सारखे भरते, म्हणून काट्यावर दिसणारी घट जवळजवळ सगळी पाण्याची असते. गेलेल्या पाण्याची जागा हवा घेते आणि अंड्याच्या रुंद टोकाकडील पोकळी वाढत जाते. पिल्लू बाहेर येण्यापूर्वी याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते.

आर्द्रता जास्त राहिली तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखे दिसते, बेंबी नीट मिटत नाही. काही पिल्ले आतल्या द्रवातच गुदमरतात. हवा फार कोरडी असली तर पिल्लू लहान भरते आणि चिवट झालेल्या पडद्यात अडकते.

पंख्याच्या यंत्रात तापमान 37.5 ते 37.8 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 50 ते 55 टक्के ठेवण्याची शिफारस असते. मात्र हा आकडा साधन आहे, साध्य वजनघट. कवचाची जाडी आणि छिद्रे कळपागणिक बदलतात, त्यामुळे एकच आर्द्रता सगळ्या अंड्यांना मानवत नाही. खरा निवाडा वजनकाटाच देतो. 60 ग्रॅमची 30 अंडी, म्हणजे 1,800 ग्रॅम (ट्रेचे वजन वगळून); 18व्या दिवशी ती 1,584 ग्रॅमच्या आसपास भरावीत. सातव्या दिवशी घट सुमारे 84 ग्रॅम अपेक्षित. त्याहून बरीच कमी असेल तर पाणी कमी करावे, जास्त असेल तर वाढवावे. बाष्प पाण्याच्या पृष्ठभागावरून सुटते. भांडे खोल असून उपयोग नाही, पसरट हवे.

लहान यंत्रांतील स्वस्त आर्द्रतामापकावर विसंबू नये. ओलसर मिठाची वाटी आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात काही तास ठेवले की मापकाने 75 टक्के दाखवायला हवेत. फरक पडला तर तो लक्षात ठेवून वाचन करावे.

बाहेरच्या हवेचा प्रभाव मोठा असतो. कोकणात पावसाळ्यात 28 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात 37.7 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप 52 टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हा पाणी घालायची गरज सहसा पडत नाही. विदर्भातील मे महिन्यात 42 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा आत आली तर ती 20 टक्क्यांच्याही खाली राहते, आणि तिथे पाण्याकडे सतत लक्ष द्यावे लागते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना हे मोजमाप कोणी करत नाही. अंगाची ऊब आणि खालचा पेंढा यांवर तिचे भागते.

18व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवतात आणि आर्द्रता 65 ते 75 टक्क्यांवर नेतात, म्हणजे पिल्लू कवच फोडत असताना पडदा सुकत नाही. या तीन दिवसांत यंत्राचे दार वारंवार उघडू नये. क्षणभर उघडले तरी बाष्प निघून जाते आणि अर्धवट फोडलेल्या अंड्यातला पडदा पिल्लाच्या अंगाला चिकटू लागतो.