दम लागला की श्वास कोंडला?

आतकरवाडीतून सिंहगड न थांबता चढणारा मी त्रेचाळिसाव्या वर्षी फ्रीस्टाइल शिकायला उतरलो आणि २५ मीटरच्या टँकमध्ये अर्ध्यावरच कठड्याला चिकटून धापा टाकू लागलो. बॅचमधल्या सगळ्यांचं निदान एकच, ‘स्टॅमिना कमी पडतोय.’ म्हणून महिनाभर पहाटे पळालो. पळणं सुधारलं, पोहणं जिथल्या तिथे.

दम लागणं आणि श्वास कोंडणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. तोंड उघडं, छाती वरखाली, चेहरा लालबुंद. दम लागण्याबद्दल फार सांगायला नको. स्नायू मागतात तेवढा ऑक्सिजन हृदय-फुप्फुसांना पुरवता येत नाही, सरावाने येतो.

कोंडण्याची तऱ्हा निराळी. तोंड पाण्यात गेलं की नवखा माणूस नकळत हवा छातीत धरून ठेवतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि ‘श्वास घे’ असा तगादा मेंदू लावतो तो मुख्यतः या साठ्यामुळे. ऑक्सिजन तेव्हा बराच शिल्लक असतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के, तर एरवी आपण सोडतो त्या श्वासातही सुमारे १६ टक्के असतो. तरी जीव कासावीस होतो. मग तोंड क्षणभर बाहेर येतं, तेवढ्यात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची. भरल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं ते. (पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लावून आधी भराभर खोल श्वास घेणारी पोरं दिसली तर त्यांना रागवा. कार्बन डायऑक्साइड घटल्याने तगादा उशिरा येतो आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपू शकते.)

आपलं नेमकं काय होतंय, हे कानाला कळतं. तोंड बाहेर येताच पहिला आवाज ‘फूऽऽ’ असा निघाला, तर तुम्ही श्वास कोंडताय. दुसरी खूण म्हणजे वेग निम्मा करून पाहा. दम लागत असेल तर बरं वाटेल. कोंडत असाल तर हाल वाढतील, कारण दोन श्वासांमधलं अंतर लांबतं. माझे वाढले.

यावर पळणं हा उपाय नाही. उथळ भागात कठडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि तळाच्या निळ्या फरशीकडे बघत नाकातून ‘हंऽऽ’ करत बुडबुडे सोडायचे. जमिनीवर श्वास आपसूक सुटतो, इथे तो थोडा ढकलावा लागतो. पोहताना श्वासासाठी मान उचलायची नाही, खांद्यासकट कुशीवर वळायचं. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. मान उचलली की पाय बुडतात, ते वर ठेवायला लाथा माराव्या लागतात, आणि मग कोंडलेल्या माणसाला वर दमही लागतो. माझी ही खोड अजून पुरती गेलेली नाही.

बुडबुड्यांत दहा-बारा दिवस गेले. एके सकाळी पलीकडचा कठडा हाताला लागला. धापा होत्याच, पण ‘फूऽऽ’ नव्हतं, खांदे भरून आले होते. त्या दिवशी मात्र खरंच दम लागला होता.