रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का बिघडतं?

"सोनोग्राफी, दुर्बीण सगळं नॉर्मल आलं म्हणजे पोटाला काही झालेलं नाही, नुसते मनाचे खेळ आहेत." सांगली-मिरजेकडच्या फॅमिली ग्रुपांवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) असलेल्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागतं.

चिंतेचा संबंध आहे, पण त्रास खोटा नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि व्हेगस नावाची नस ते मेंदूशी जोडते. ताण आला की आतड्याची हालचाल वाढते किंवा मंदावते. एरवी जाणवलाही नसता एवढा गॅस दुखायला लागतो. दुर्बिणीत जखम, सूज, गाठ दिसते. हा दुखरेपणा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. शिवाय निरोप उलटाही जातो: जंतुसंसर्गाच्या जुलाबानंतर काहींचं पोट महिनोन् महिने बिघडलेलं राहतं आणि मग एसटीत बसायचीच धास्ती वाटते. चिंता नसलेल्यांनाही आयबीएस होतो.

पडताळायचं असेल तर ३-४ आठवडे वहीत टिपा: दुखणं, शौच, खाणं, झोप, ताण. (दोष तिखट भडंगाचा की परीक्षेच्या आठवड्याचा, याचा अंदाज येतो.) ३ महिने आठवड्यातून एकदा तरी पोट दुखत असेल आणि त्याचा शौचाशी संबंध असेल, तर डॉक्टर आयबीएसचा विचार करतात.

शौचातून रक्त, घटणारं वजन, ॲनिमिया, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल, तर वही राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.