हिरव्या नोटेवरचा घोडेस्वार

१९६६ सालच्या मालिकेतली तीन तुगरिकची मंगोलियन नोट हिरवी आहे आणि तिच्यावर कुणाचाही चेहरा नाही. आहे ते राज्यचिन्ह: उगवत्या सूर्याकडे दौडणारा घोडेस्वार, मागे डोंगर, भोवती गव्हाच्या ओंब्या आणि दातेरी चाक. तीनची नोट आपल्याला चमत्कारिक वाटते, पण त्या काळी सोव्हिएत रुबलच्या नोटाही एक, तीन, पाच, दहा अशाच चढत जात. रंगसुद्धा तेच: एकची तपकिरी, तीनची हिरवी, पाचची निळी.

तुगरिक आला डिसेंबर १९२५ मध्ये. त्याआधी मंगोलियाच्या बाजारात चिनी चांदी चाले, परदेशी डॉलर चालत आणि चहाच्या विटाही. ‘तुगरिक’ म्हणजे गोल; त्याचा शंभरावा भाग ‘मोंगो’, म्हणजे चांदी. नाणं हातात घेऊनच कुणीतरी ही नावं ठेवली असावीत. किंमत ठरली एका रुबलइतकी, १८ ग्रॅम चांदीची.

१९३९ च्या नोटांवर सुखबातर आला. १९२१ च्या क्रांतीचा हा सेनानी १९२३ मध्ये तिशीतच गेला. फौजेत असलेल्या या माणसाने काही काळ उर्गाच्या, म्हणजे आजच्या उलानबातरच्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम केलं होतं. जुळाऱ्याचा चेहरा नोटेवर छापला जावा, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. १९६६ मध्ये दहाच्या नोटेपासून पुढे तोच आहे. अक्षरं मात्र बदलली. १९३९ मध्ये उभी मंगोल लिपी होती. सिरिलिकचा, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात तिचा, निर्णय १९४१ मध्ये झाला आणि १९६६ ची नोट सिरिलिकमध्ये बोलते.

पण खरी गोष्ट सांगतं ते राज्यचिन्हच. १९४० नंतरच्या चिन्हात घोडेस्वाराभोवती मेंढी, गाय, उंट आणि बकरी यांची मुंडकी होती. स्वाराचा घोडा धरला की पशुपालकाची पाचही जनावरं पुरी होत. १९५९ पर्यंत बहुतेक पशुपालक सामुदायिक संस्थांत ओढले गेले, आणि १९६० च्या राज्यघटनेबरोबर चिन्हातली जनावरंही गेली. त्यांच्या जागी गहू आणि चाक आलं. ज्या देशाचं सगळं जगणं कळपांवर, त्याच्या नोटेवर एकटा घोडाच उरला.

१९९३ च्या नोटांवर उभी लिपी परतली. मोठ्या नोटा चंगीझ खानाकडे गेल्या आणि लहान नोटा सुखबातरकडेच राहिल्या. त्यांच्या मागच्या बाजूला आता घोडे चरतात.