सोन्याचे सूक्ष्मकण आणि ‘निर्धोक’पणाचा समज

‘सोने गंजत नाही, म्हणून औषधातले त्याचे नॅनोकण निर्धोकच’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. बोटातली अंगठी काही अपाय करत नाही, त्यामुळे तो पटतोही. मात्र नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापात सोने वेगळे वागते. सुमारे २० नॅनोमीटर कणांचे द्रावण तर माणकासारखे लाल दिसते. पेशींवरील प्रयोगांत १.४ नॅनोमीटरचे कण घातक ठरले, पण १५ नॅनोमीटरचे कण कितीतरी जास्त मात्रेतही तसे ठरले नाहीत. कधी दोष सोन्याचा नसतोच, कण घडवताना उरलेल्या सीटॅबसारख्या (साबणासारखे काम करणाऱ्या) रसायनाचा असतो.

म्हणून दावा तपासताना आकार, लेप, मात्रा आणि यकृत-प्लीहेतील साठा यांची माहिती पाहावी. पेशी जगल्या की मेल्या हे रंग मोजून ठरवणारी चाचणी असेल, तर कणांचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी पेशींविना केवळ कणांचा नमुनाही मोजला होता का, हेही पाहावे.