अल निनो आला म्हणजे पेरायचं नाही का?

खरिपाच्या तयारीसाठी आमच्या कृषी सेवा केंद्राच्या ग्राहकांना

एप्रिलमध्ये हवामान विभागाचा पहिला अंदाज आला की काउंटरवर हाच विषय सुरू होतो. "अल निनो आहे म्हणे, यंदा दोन बॅगा कमीच द्या." बॅगा किती घ्यायच्या ते तुम्ही ठरवा, पण त्या बातमीत काय असतं आणि काय नसतं, एवढं आधी पाहून घ्या.

प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथं हवा वर चढते, ढग दाटतात. हे वारे मंदावले की गरम पाणी पेरू देशाच्या दिशेनं पसरतं आणि ढगही तिकडेच सरकतात. मग आपल्या बाजूला हवा खाली दबते, आणि दबलेल्या हवेत पाऊस धरत नाही. तिथल्या समुद्राचं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश वर जाऊन काही महिने तसंच टिकलं तर तो अल निनो. उलट पाणी गार पडलं की ला निना, आणि तेव्हा बहुधा आपलं बरं चालतं.

2015 चा अल निनो मराठवाड्याला सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पण 1997 चा अल निनो त्या शतकातल्या सर्वांत जोरदार अल निनोंपैकी एक होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. याचं बरंचसं श्रेय हिंदी महासागराला दिलं जातं. आफ्रिकेकडची बाजू तापली आणि सुमात्राकडची गार पडली तर त्याला धन द्विध्रुव म्हणतात, आणि तो आपल्या पावसाला हात देतो. 2019 मध्ये हा द्विध्रुव फारच जोरात होता. त्या वर्षी ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस हटेना, सोयाबीनच्या गंजी भिजल्या आणि शेंगांना कोंब फुटले. म्हणजे 'चांगला' द्विध्रुवसुद्धा सगळ्याच महिन्यांत चांगला नसतो.

श्रीलंकेचं पाहा. अल निनोच्या वर्षी तिथंही जून ते सप्टेंबरचा पाऊस कमी पडण्याकडे कल असतो, पण ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस बहुधा वाढतो, आणि त्यांचा भाताचा मोठा हंगाम त्याच पावसावर उभा राहतो. समुद्र तोच, पण कुणाचं पीक कोणत्या महिन्यात शेतात आहे त्यावर नफा-तोटा ठरतो.

आपल्याकडे खरा घात करतो तो पावसाचा खंड. ढगांचा एक मोठा पट्टा 30 ते 60 दिवसांत विषुववृत्तालगत पूर्वेकडे फिरत असतो. तो हिंदी महासागरावरून पुढे निघून गेला की आपल्याकडे उघडीप लांबू शकते. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तोही सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या बेतात असताना. हंगामाची टक्केवारी हे सांगत नाही. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा हवामान विभागाचा विस्तारित अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी येणारा परभणी कृषी विद्यापीठाचा सल्ला पाहत जा. आम्ही दोन्ही दुकानातल्या फळ्यावर लावतो.

बियाणं विकणं हा आमचा धंदा, तरी सांगतो: मृगाच्या पहिल्या सरीवर पेरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच तिफण काढा. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी ठेवा. ऑगस्ट कोरडा गेला तरी तूर परतीच्या पावसावर सावरू शकते. रुंद वरंबा-सरीवर पेरलंत तर खंडात ओल टिकते आणि जोराच्या पावसात सरीतून पाणी निघून जातं. विहिरीत पाणी असेल तर तुषार संच पोळ्याआधीच तपासून ठेवा. खंड पडल्यावर नोझल शोधत सगळे एकदमच येतात.

घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. सत्तरच्या खाली उगवले तर आमच्याशी बोला. पाऊस लांबला आणि पीक बदलायचं ठरलं, तर सील न फोडलेली बॅग पावतीसह परत घेऊ.